पुढच्या गेटवरचा माणूस

आमच्या घरात एक बांबू होता. माणसापेक्षा उंच, एका टोकाला लाल झेंडा गुंडाळलेला. मरोळच्या आमच्या वन रूम किचनमध्ये फोल्डिंगची खुर्ची उघडायची तर आधी कुणाला तरी उठावं लागतं, पण हा बांबू कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत चाळीसेक वर्षं ऐसपैस उभा होता. आईने एकदा या काठीने वरच्या दोरीवरचा टॉवेल काढला, तर बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मग तिने कपडे काढायला दुसरी काठी आणली. तेव्हापासून घरात दोन काठ्या, एक कामाची आणि एक बाबांची.

बाबा मरोळच्याच एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. काका, म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, त्याच खात्यात. दोघं मालवणकडच्या गावातून एकाच ट्रंकेत कपडे भरून मुंबईला आलेले. मी सातवीत असताना त्या कारखान्यात संप झाला. मागण्या रास्त होत्या, आजही मी त्यांच्याच बाजूने उभी राहीन. माझा राग मागण्यांवर नाहीच. राग आहे तो युनियनच्या पुढाऱ्यावर. कामगार त्याला सेनापती म्हणायचे. मीटिंगमध्ये, पोस्टरवर, नाक्यावर, सगळीकडे सेनापती. त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. पुतळ्याखाली सोनेरी अक्षरांत कोरलंय, तेवढं त्याला पुरे.

सेनापती बोलायचा झकास. बाबांचा हात धरून मी पण ऐकलंय त्याला, टाळ्या पण वाजवल्यात. तडजोडीचं बोलणं आलं की तो ते भर सभेत फेटाळायचा आणि माणसं बेभान व्हायची. घरी परत आल्यावर आमची आई पेजेत पाणी किती घालायचं याचा विचार करत बसलेली असायची. त्या सभा आणि ती पेज, दोन्ही एकाच दिवशीच्या असायच्या, पण सेनापतीला त्यातली एकच माहीत होती.

संप सुरू झाला तेव्हा कारखान्याच्या पुढच्या गेटसमोर त्याने झेंडा रोवला. कंपनीच्या माणसांनी तो उपटून टाकला. मग सेनापतीने हुकूम काढला, की झेंडा यापुढे जमिनीत नाही, माणसाच्या हातात राहील, आणि चोवीस तास राहील. पाळ्या लागल्या. कारखान्यात असायच्या तशाच, सकाळची, दुपारची, रात्रीची. बाबांची सकाळची. त्यांच्यामागून दुपारची काकाची.

पाळीत काम न केलेल्या माणसाला एक गोष्ट सांगून ठेवते, कारण सगळं तिच्यावरच अडलंय. आपल्यानंतर येतो तो आपला बदली. तो येऊन मशीनला हात लावेपर्यंत आपण मशीन सोडायचं नाही. भोंगा होवो, पोटात कावळे ओरडोत, नाही म्हणजे नाही. मी पालिकेच्या इस्पितळात सिस्टर आहे, आमच्याकडेही हेच. बदली सिस्टर आल्याशिवाय मी वॉर्ड सोडत नाही, मग घरी कुणी मेलेलं का असेना. हे कुणी शिकवत नाही. ते हाडात बसतं, आणि बाबांच्या हाडात तर जरा जास्तच बसलं होतं.

शेवटच्या दिवशी काय झालं ते मी बाबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेत सांगेन. सकाळी ते झेंडा घेऊन गेटवर उभे राहिले. सोबतची माणसं एकेक करून चहाला म्हणून गेली ती परतली नाहीत. दुपारची वेळ झाली, काका आला नाही. बाबा थांबले. मग सेनापतीची गाडी आली. गेटसमोर ती हळू झाली, काच खाली गेली, सेनापतीने बाबांकडे बघितलं, मूठ बाहेर काढून वर केली, आणि गाडी गेली. बाबांनी झेंडा आणखी उंच धरला. दिवेलागणीला कंपनीचा वॉचमन बाहेर आला आणि म्हणाला, "अहो, घरी जा आता. संप संपला. सगळे मागच्या गेटने आत गेले. आज आला त्यालाच घेतलं, आता ते गेट पण बंद झालं."

बाबा झेंडा घेऊन चालत घरी आले.

थोड्या वेळाने काका आला. मी दारातच होते. काका म्हणाला, "दादा, सेनापतींनीच सगळ्यांना मागच्या मैदानात बोलावलं. म्हणाले, आपण हरलोय, आत जा, नोकऱ्या वाचवा. मी विचारलं, पुढच्या गेटवर माझा भाऊ आहे त्याचं काय. ते म्हणाले, मी त्याच बाजूने चाललोय, त्याला मी सांगतो, तू आत जा." बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सेनापती माझ्यासमोरून गेले. त्यांनी मला सलामी दिली. तू फितूर झालास तो झालास, वर त्यांच्या नावावर ढकलतोस." आणि दार लावून घेतलं. सख्ख्या भावाच्या तोंडावर.

पुढे खात्यातल्या कितीतरी जणांनी तेच सांगितलं. बाबांचं उत्तर ठरलेलं, फितूर सगळे एकाच सुरात बोलणार. आई म्हणायची, "जावन इचारा तरी त्येका. भावजी खोटा बोलूचे नायत." बाबा म्हणायचे, सेनापतीला असं जाऊन विचारत नाहीत. विषय संपला.

आणि काय काय संपलं ते ऐका. आमच्याकडे गावच्या घरात भावाभावांत मिळून गणपती एकच असतो. घरं वेगळी झाली, चुली वेगळ्या झाल्या तरी गणपती वेगळा करत नाहीत. बाबांनी तो वेगळा केला. काका गावी असणार म्हणून चतुर्थीला गावी जाणं बंद, आणि मरोळच्या खोलीत स्टुलावर पाट ठेवून आमचा निराळा गणपती. आई पहिल्या वर्षी मोदक वळताना रडत होती आणि मी तिला खोबरं किसून देत होते. काकाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, तिचं पाकीट उघडलं गेलं नाही. आजी गेली तेव्हा दोघं भाऊ घरापुढच्या खळ्याच्या दोन टोकांना बसले होते. आणि हे सगळं कशासाठी, तर एका माणसाने गाडीतून मूठ वर केली म्हणून.

काकाची नोकरी पुढे बरीच वर्षं टिकली. बाबा अंधेरीत एका बिल्डिंगचे वॉचमन झाले. लेथवरचा माणूस, केसाच्या जाडीचं काम करणारा, दिवसभर गाड्यांना गेट उघडून द्यायचा. आई डबे करायची. बाबा कधी कुरकुरले नाहीत, कारण त्यांच्याकडे ती सलामी होती. दर खंडेनवमीला, हत्यारांची पूजा असते त्या दिवशी, ते पाटावर आपला मायक्रोमीटर आणि नट आवळायचे पाने मांडायचे आणि शेजारी तो बांबू उभा करून त्याला झेंडूची माळ घालायचे. हरलेल्या लढाईचं हत्यार, त्याला हळदकुंकू. मला लहानपणी ते भारी वाटायचं. नंतर नंतर तळपायाची आग मस्तकात जायची.

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर सेनापतीचा पुतण्या आमच्या घरी आला. सेनापती वारून बरेच दिवस झाले होते. या पुतण्याने सेनापतीच्या नावाने प्रतिष्ठान काढलंय. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात दोन फोन. म्हणाला, कारखान्याच्या जागेवर आता जी काचेची ऑफिसं झालीत, त्यांच्या मालकांनी गेटपाशी पुतळ्याला जागा दिलीय. आत लॉबीत काचेच्या कपाटात संपाच्या आठवणी ठेवणार. भोंगा मिळालाय, हजेरीचे पितळी बिल्ले मिळालेत, फक्त झेंडा पाहिजे. खंडेनवमीला अनावरण आहे, तुम्ही स्टेजवर झेंडा घेऊन उभे राहायचं आणि तो प्रतिष्ठानकडे द्यायचा.

मला हसूच आलं. ज्याला कारखाना नको, जागा पाहिजे होती त्याला जागा मिळाली, आता तो त्याच जागेचा कोपरा पुतळ्याला देतोय. जिंकलेल्याचं काय जातं. हरलेल्या माणसाच्या पुतळ्याला कुणी घाबरत नाही. पण बाबांकडे बघितलं. ते उठून उभे राहिले होते. गुडघे दुखतात म्हणून संडासला जाताना माझा हात धरणारा माणूस एका झटक्यात उठला होता. "सेनापतींनी बोलावलंय म्हटल्यावर येणारच," ते म्हणाले.

पुतण्या गेल्यावर आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "चाळीस वर्सां झाली, अजून ह्येंची ड्युटी सुटाक नाय."

मी बाबांना म्हटलं, नका जाऊ. सरळ भांडले. म्हटलं, त्या माणसाने तुम्हाला काय दिलं, सांगा ना मला. वॉचमनची खाकी दिली. बाबा म्हणाले, "तुला नाही कळायचं. सगळे पळाले तेव्हा त्यांनी बघितलं की एक माणूस उभा आहे. तेवढं बास आहे मला." ज्या गोष्टीच्या जोरावर माणूस ऐंशीपर्यंत आला, ती त्याच्या हातातून ओढून घ्यायला माझा जीव होईना. सुट्टी टाकली आणि निघाले त्यांच्यासोबत.

खंडेनवमीला सकाळी पूजा झाली, बांबूला माळ घातली, आणि आम्ही तिघं रिक्षाने निघालो. बांबू अर्धा बाहेर. काचेच्या बिल्डिंगसमोर मांडव होता. मांडव म्हणजे पुतळ्यावर आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांवर. स्टेजच्या ज्या टोकाला बाबांना उभं केलं तिथे टळटळीत ऊन. आई म्हणाली, "पुतळ्याक सावली, माणसाक ऊन." मी आयोजकांतल्या एकाला खुर्ची मागितली. तो म्हणाला, "मॅडम, फोटोत उभेच बरे दिसतात." मी स्वतः एक खुर्ची उचलून स्टेजवर नेली, पण बाबा बसेनात. झेंडा घेऊन बसत नाहीत म्हणे.

कापड काढलं. ब्राँझचा सेनापती, उजवी मूठ वर. तीच मूठ. बाबांनी झेंडा उंच धरला. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, जाऊ दे, एवढं सुख मिळतंय तर मिळू दे. माझा राग मी पर्समध्ये घालून ठेवते.

मग पुतण्या माइकवर आला. सेनापतीच्या थोरवीच्या गोष्टी सांगता सांगता म्हणाला, "आणि शेवटचा दिवस. काका आम्हाला घरी नेहमी सांगायचे. त्यांनी मनाचा मोठेपणा दाखवून कामगारांना मागच्या मैदानात बोलावलं, म्हणाले, पराभव माझा, तुम्ही आत जा. पण पुढच्या गेटवर एक पठ्ठ्या झेंडा घेऊन उभा होता. त्याचा भाऊ काकांना म्हणाला, त्याला पण सांगा. काका सांगायलाच निघाले होते. पण गाडीतून त्याला बघितलं आणि काकांना वाटलं, सगळं सैन्य हरलंय, एक तरी शिपाई न हरलेला राहू दे. म्हणून काका काही न बोलता फक्त मूठ उंचावून पुढे गेले. मित्रांनो, तो शिपाई आज आपल्यात आहे."

टाळ्या. अशा टाळ्या, की पाहुणेसुद्धा उठून उभे राहिले.

मी टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्यांकडे बघत होते. एकालाही कळलं नव्हतं की आत्ता काय सांगितलं गेलं. त्या माणसाला ठाऊक होतं. तोंड उघडून चार शब्द बोलला असता, अरे जा आत, तर बाबा लेथवर परतले असते, काका घरी आला असता, स्टुलावर गणपती बसला नसता. पण त्याला स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी एक न हरलेला माणूस पाहिजे होता, आणि त्याने आमचा उचलला. आणि वर घरी जाऊन जेवताना त्याचा किस्सा करून सांगितला. मेल्यावर माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार.

बाबा हलले नाहीत. पुतण्या हसत हसत पुढे झाला आणि त्याने झेंड्याला हात घातला. बाबांनी बांबू सोडला नाही. त्याने जरा ओढला. बाबांनी दोन्ही हातांनी धरला. मग ते म्हणाले, आणि पुतण्याच्या हातात माइक असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं, "माझा बदली आला नाही अजून."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काय ही निष्ठा.

मी स्टेजवर गेले, बाबांचा दंड धरला आणि त्यांना पायऱ्या उतरवून खाली आणलं. पुतण्या मागून आला. "ताई, झेंडा तर द्या, कपाट रिकामं राहील." मी म्हटलं, "तुमच्या काकाने माझ्या बापाचं घर मोडलं, आणि तुम्ही ते माइकवर कौतुकाने सांगताय." तो खरंच गोंधळला. म्हणाला, "गैरसमज होतोय तुमचा. हा वडिलांचा गौरव आहे." मी म्हटलं, "मग तो गौरव ठेवा कपाटात." आई माझ्या बाजूला उभी होती, तिने पुतण्याकडे नुसतं बघितलं आणि पदर खोचला. तो दोन पावलं मागे सरला.

रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्याने विचारलं, कुठे. मी घरचा पत्ता सांगणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "मानखुर्द."

आईने माझा हात घट्ट दाबला. मानखुर्दला काका राहतो. बाबांनी त्याचं घर कधी बघितलं नव्हतं. आई आणि मी जाऊन यायचो, बाबांना न सांगता, आणि बाबांना ते माहीत असायचं आणि तेही बोलायचे नाहीत. वाटेत ते एकदाच म्हणाले, "मी त्याला फितूर म्हटलं." आई म्हणाली, "व्हय." तिने त्यांना सोडलं नाही. बरं केलं.

काकाचं घर तळमजल्यावर आहे. दार उघडंच होतं. समोर पाटावर त्याचा मायक्रोमीटर, त्याचे पाने, झेंडूची फुलं. काकी आत स्वयंपाकघरात होती. काका वेताच्या मोड्यावर बसून पेपर वाचत होता, त्याने चष्म्यावरून वर बघितलं. दारात आम्ही दोघी, आणि पुढे बाबा, बांबू हातात, झेंडा दाराच्या चौकटीला लागून वाकलेला.

बाबांनी काही समजावून सांगितलं नाही. स्टेज, पुतळा, पुतण्या, काही नाही. ते एवढंच म्हणाले, "तू येतलंस म्हणान थांबलंय मी."

काका उठला. त्याला उठायला वेळ लागतो. भिंतीला धरत धरत दारापर्यंत आला, बाबांच्या हातावर हात ठेवला आणि बांबू धरला. म्हणाला, "दी हय. माका येवक उशीर झालो."

बाबांनी बांबू सोडला. काकाने तो घेतला. मग बाबा आत गेले आणि मोड्यावर बसले, आणि आईने तोंडाला पदर लावला.

मला बसवलं नाही. मी दारातच उभी राहिले, कारण माझं डोकं फिरलं होतं, आणि अजूनही ते आठवलं की फिरतं. काकाला उशीर झाला नव्हता. त्याने त्याच संध्याकाळी येऊन खरं ते सांगितलं होतं, आणि चाळीस वर्षं त्याच्या तोंडावर दार बंद होतं. तरी माफी मागितली ती त्याने. आणि ज्याने मागायची होती, तो मरोळला मांडवाच्या सावलीत हार घालून उभा आहे, मूठ वर करून.